सातची रिंग

मोबाइलच्या दुकानांची मला किळस येते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाईंचा सूर जरा वाकडा आहे. आहेच. एम. जी. रोडवरच्या कुठल्याही दुकानात जा: काचेच्या काउंटरवर दिवसभराच्या गिऱ्हाइकांच्या बोटांचे तेलकट ठसे, डोक्यावर बडवून काढणारी गाणी, आणि समोर टाय लावलेला एक माणूस, जो तुमचं वाक्य संपायच्या आत तुम्हाला काय हवंय ते तुम्हालाच सांगतो. मी पर्समधून रुमाल काढून कोपर टेकण्यापुरती जागा पुसायचे आणि म्हणायचे, आईसाठी फोन हवाय, वय एकोणऐंशी, फक्त बोलायला. सराफाच्या दुकानात जाऊन कुणी खिळे मागावेत तसा तो माझ्याकडे बघायचा. ती नजर मी त्या वर्षात अकरा दुकानांत पाहिली.

आई घोटीला एकटी राहते. वडील जाऊन सहा वर्षं झाली. त्यांची भाताची गिरणी होती. ती आता दुसऱ्यांना चालवायला दिली आहे, पण गिरणीच्या मागचं घर आईचं आहे आणि ते सोडायला ती तयार नाही. सकाळी गिरणीचा पट्टा फिरायला लागल्याचा आवाज आला नाही तर तिला चहा गोड लागत नाही. पोत्यात हात घालून दोन दाणे दाताखाली धरले की भात पुरता वाळलाय की नाही हे ती अजून सांगते, आणि नवे मालकही गुपचूप विचारायला येतात. मी नाशिकला इंदिरानगरात राहते, एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करते. धाकटा भाऊ पुण्याला, बाराव्या मजल्यावर. घोटी माझ्यापासून तासाभरावर आहे. एवढ्या जवळ असून मी महिन्यातून एकदा जायचे, हेही आत्ताच सांगते.

या सगळ्याला सुरुवात झाली ती भावाच्या जुन्या फोनपासून. त्याने स्वतःला नवा घेतला आणि हातातला आईला दिला, जशी जुनी पँट कुणाला तरी देऊन टाकावी. आईच्या बोटांनी पन्नास वर्षं भात तपासला आहे. त्यांच्यावरची कातडी इतकी झिजलेली आणि कोरडी की काचेला ती बोटं कळायचीच नाहीत. मग ती जोर लावून दाबून धरायची. दाबून धरलं की पडद्यावरची सगळी चित्रं थरथरायला लागायची आणि त्यातलं एखादं गायब व्हायचं. एकदा फोन लावायचं चित्रच गेलं. वर सकाळी देवापुढे हात जोडून फोन हातात घ्यावा, तर पडद्यावर पत्त्यांचा जुगार खेळा म्हणून सांगणारा कुणी नट. आई म्हणायची, हा रोज येतो, याला घालवता येत नाही का? मी दोन रविवार त्याच्याशी झगडले आणि हात टेकले.

त्याच फोनने घोळ केला. कार्तिकात भाताची कापणी झाल्यावर एक दिवस आई मावशींच्या पाड्यावर झोडणी बघायला गेली. मावशी म्हणजे आमच्या गिरणीत तीस वर्षं भात पाखडायला होत्या त्या. मूळच्या डोंगरातल्या, पण आता आईच्या शेजारच्या खोलीत एकट्याच राहतात. दोघी टेम्पोत बसून निघाल्या. फोनच्या कडेचं कुठलंसं बटण पिशवीत दाबलं गेलं आणि त्याचा आवाज बंद झाला. भावाने सकाळपासून चौदा वेळा फोन लावला, मी सात वेळा. दुपारी तो पुण्याहून गाडी घेऊन निघाला. घोटीला पोचून त्याने गिरणीतल्या माणसांकडून कडी तोडवली. मीही ऑफिसातून तिथे पोचले. संध्याकाळी आई टेम्पोतून उतरली, मांडीवर नव्या तांदळाचं गाठोडं, चेहरा उन्हाने तांबूस झालेला, बऱ्याच दिवसांनी खूश. दारात लेक उभा, रडून डोळे सुजलेले.

तो म्हणाला, "पुन्हा एकदा जरी फोन लागला नाही तर मी तुला गाडीत घालून नेणार. त्यावर चर्चा नाही."

त्याचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. तो हातपाय धुवायला गेल्यावर आईने माझ्याकडे बघून हळूच सांगितलं, "मला असा फोन आणून दे, की हा मला न्यायला येणार नाही." पुण्याचं घर वाईट नाही. पण तिथे ती पंधरा दिवस राहून आली तेव्हा तिला कुणी एकदाही काही विचारलं नव्हतं, आणि ते तिच्या मनाला लागलं होतं.

मग मी दुकानं पालथी घालायला लागले. टायवाल्यांपैकी एकाने मला 'ज्येष्ठांसाठी खास' फोन दिला. मोठे आकडे, मोठा आवाज, आणि पाठीवर एक लाल बटण. संकटात दाबायचं. फोन नुसता हातात धरला की बोट त्याच लाल बटणावर जायचं, कारण दुसरीकडे बोट ठेवायला जागाच नव्हती. ज्याने तो बनवला त्याला आई नसावी. घोटीच्या बाजारात मेथीची जुडी निवडताना आईच्या पिशवीतून भोंगा वाजायला लागला आणि लोक अग्निशमनची गाडी आली म्हणून रस्त्यातून बाजूला झाले. भोंग्यामागोमाग भावाला फोन, मला फोन, भावाच्या बायकोला फोन. असं आठवड्यात तीनदा झालं. आईने त्या बटणावर कापूस ठेवून वरून चिकटपट्टी लावली. वर हा फोन प्रत्येक आकडा दाबताना तो मोठ्याने म्हणून दाखवायचा, हिंदीत, स्टेशनवरच्या बाईच्या आवाजात. आईला वाटायचं, पलीकडच्या घरालाही नंबर पाठ होईल. तिने तो कपाटात ठेवून दिला.

तिसरा साधा बटणांचा. त्याची बॅटरी दोन महिन्यांत अशी फुगली की मागचं झाकण बसेना. ज्या दुकानातून घेतला त्याने सर्व्हिस सेंटरचा पत्ता दिला. तिथे टोकन घेऊन बसले. बसायच्या खुर्च्यांना मागच्या माणसांच्या घामाचा वास. नंबर आल्यावर कळलं की फोन बदलून मिळेल, पण सिमही जुनं झालंय, तेही बदलावं लागेल, आणि ते वडिलांच्या नावावर आहे. काउंटरवरची मुलगी पडद्यावरून नजर न उचलता म्हणाली, ज्यांच्या नावावर आहे त्यांना घेऊन या, अंगठा लागेल. मी सांगितलं, ते सहा वर्षांपूर्वी गेले. तिने मान हलवली आणि पुन्हा तेच वाक्य म्हटलं. नवा नंबर घ्यायला आई तयार नव्हती, कारण तो नंबर तालुक्यातल्या निम्म्या भात उत्पादकांना पाठ होता. मग मृत्यूचा दाखला, वारसाचं पत्र, त्याच्या प्रती, त्यावर सह्या. वडील गेले तेव्हाही मला इतक्या खिडक्यांवर त्यांचं मरण सिद्ध करावं लागलं नव्हतं. त्या मुलीला मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. बाहेर येऊन मी रस्त्यातच नळावर तोंड धुतलं.

फोन शेवटी मिळाला तो शालिमार चौकात, एका जिन्याखाली. तिथे एक साठीचे गृहस्थ डोळ्याला भिंग लावून जुने फोन दुरुस्त करत बसलेले असतात. त्यांनी माझं सगळं पुराण ऐकून घेतलं, मधे एकदाही बोलले नाहीत, आणि एका डब्यातून बटणांचा जुना फोन काढला. कडा घासलेल्या, बटणं जाड, पडदा तिकिटाएवढा. यात काहीच नाही, म्हणून यात बिघडण्यासारखं काही नाही, म्हणाले. दोनचं बटण दाबून धरलं की मला फोन लागेल आणि तीनचं दाबून धरलं की भावाला, असं त्यांनी करून दिलं. बाकी सगळं काढून टाकलं. काळ्या पाठीवर नखाने ओरखडा काढून मी बघितलं, रंगसुद्धा जात नव्हता. त्या वर्षात दुकानातून बाहेर पडताना मी पहिल्यांदा कुणाचे आभार मानले.

पुढची युक्ती माझीच, आणि तिचा मला फार अभिमान होता. रोज सकाळी सातला आईने दोनचं बटण दाबायचं. माझ्याकडे एक रिंग वाजली की मी इकडून फोन कट करायचा. म्हणजे मला कळलं की ती उठली, बरी आहे, आणि तिला कळलं की मला कळलं. मग तीनचं बटण, तसंच भावाकडे. आईला समजावून सांगावंच लागलं नाही. वडिलांच्या काळी तांदळाचा ट्रक वाशीच्या मार्केटला पोचला की ड्रायव्हर अशीच एक रिंग द्यायचा आणि वडील इकडून तोडायचे. माल पोचला, बोलायचं काही नाही. आई म्हणाली, हे बरंय, मला येतं हे.

आणि खरंच बरं झालं. पाच महिने एकही सकाळ चुकली नाही. सातला एक मिनिट इकडेतिकडे. भावाने मला कधी नव्हे ते शाबासकी दिली. फोन चार्ज न करता चार दिवस चालायचा. त्याला भोंगा नव्हता, नट नव्हता, फुगणं नव्हतं. ऑफिसात ज्यांच्या ज्यांच्या घरी म्हातारं माणूस होतं, त्या सगळ्यांना मी शालिमारच्या जिन्याचा पत्ता दिला आणि वर सातच्या रिंगची युक्तीही सांगितली. आता लिहिताना माझा तो शहाणपणाचा आवाज आठवतो आणि कानात बोटं घालावीशी वाटतात. कारण त्यात एक गोष्ट मी कुणाला सांगत नव्हते. पूर्वी आईशी बोलायला लागलं की अर्धा तास जायचा. कुणाच्या म्हशीला काय झालं, नव्या मालकाने चाळणी कशी चुकीची लावलीय, मी ऐकत ऐकत भाजी चिरायचे आणि मनात घड्याळ बघायचे. रिंग सुरू झाल्यापासून ते संपलं होतं. आई बरी आहे हे मला दोन सेकंदांत कळत होतं, आणि ते मला आवडत होतं.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी इगतपुरीला नात्यातला साखरपुडा होता. मी पहिल्या एसटीने निघाले. वाटेत आईकडे उतरून तिला बरोबर घेऊन जावं, असं गाडीत बसल्यावर सुचलं. कळवलं नाही. सातला पाच मिनिटं कमी असताना मी घोटीच्या स्टँडवर होते. धुकं होतं, गिरणीचा पट्टा अजून सुरू व्हायचा होता. रेशमी साडीचा काठ चिखलाला लागू नये म्हणून हातात धरून मी घराच्या फाटकातून आत शिरले.

घराच्या एकाच खिडकीत रेंज नीट येते. त्या खिडकीशी मावशी उभ्या होत्या. दोन्ही हातांत आईचा फोन धरलेला, अंगठा बटणावर रोवलेला, पूजा करावी इतक्या एकाग्रतेने. माझ्या पर्समध्ये फोन वाजला. मी मावशींकडे बघत होते, आणि तरी माझा हात सवयीने पर्समध्ये गेला आणि मी तो कट केला.

मावशींनी फोन कानाला लावून पाहिला, तुटल्याची खात्री केली, आणि वर बघितलं. मी दिसले. बोलायच्या आधी त्यांनी दोनदा ओठ ओले केले.

"ताई, बाईंला पाच दिस लय ताप व्हता," त्या म्हणाल्या. "आता उतारलाय. दोन दाबायचा, धरून ठेवायचा, तिकडून तोडला का तीन दाबायचा, येवढंच सांगितलं व्हतं मला. मी काय बोलले नाय कुनाशी."

आत आई पलंगावर होती. गोधडी हनुवटीपर्यंत. पाच दिवसांत माणूस इतकं आत जाऊ शकतं हे मला माहीत नव्हतं. उशाशी गोळ्यांची पाकिटं, पेल्यात साबुदाण्याच्या पेजेचा तळ, आणि पेठेतल्या डॉक्टरांची चिठ्ठी. त्या खोलीला आजारपणाचा आंबूस वास होता आणि मी अत्तर लावून, गजरा माळून त्या वासात उभी होते. मला स्वतःची शिसारी आली. मग राग आला, आणि तो मावशींवर निघाला. मी त्यांना काय काय म्हणाले! तुम्हाला अक्कल नाही का, काही झालं असतं तर कुणाच्या गळ्यात पडलं असतं, रोज सकाळी आम्हाला खोटं कळवत होतात. ज्या बाईने पाच रात्री आईच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या तिला मी हे म्हणाले. त्या खाली बघत उभ्या राहिल्या. हातातला फोन त्यांनी सोडला नव्हता.

"तिला बोलू नकोस," आई म्हणाली. आवाज बारीक होता पण तुटका नव्हता. "मीच सांगितलं. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही आला असतात, आणि जाताना मला घेऊन गेला असतात. मी म्हटलं, चार दिवसांचा ताप आहे, त्यापायी घर कशाला घालवू?"

मावशी अवघडून म्हणाल्या, ताई, तिनाचा राहिलाय, टाइम गेला. भावाची रिंग राहिली होती. ती गेली नाही तर तो घाबरणार, आणि मग त्याला कुणी थांबवू शकणार नाही. दोघी माझ्याकडे बघत होत्या. आईच्या डोळ्यांत विनंतीबिनंती काही नव्हती, ती फक्त मी काय करते ते बघत होती, पोत्यातला भात बघावा तशी.

आता खोटेपणा पुरे, असं मला वाटलं. मला तेव्हा फार खरं वागायचं होतं. मी मावशींच्या हातून फोन घेतला, खिडकीशी गेले आणि तीनचं बटण दाबून धरलं. भावाला सांगणार होते की आईला पाच दिवस ताप आहे, ती इथेच राहणार आहे, आणि आपण दोघांनी आळीपाळीने येऊन तिच्याजवळ राहायचं आहे. सगळी वाक्यं तयार होती.

एक रिंग गेली आणि भावाने फोन कट केला.

मी पुन्हा लावला. पुन्हा एक रिंग, पुन्हा कट. या वेळी जरा जोरात केल्यासारखा वाटला, जसं कुणी म्हणावं, हो, कळलं.

"तो नाही घेणार," आई पलंगावरून म्हणाली. तिने डोळे मिटले होते. "सातला कुणी घेत नाही. मंगळवारी ताप चढला तेव्हा मला भीती वाटली होती. मी तुला दोनदा लावला."

मंगळवार मला आठवला. कुकरची शिट्टी होत होती, मी पोळ्या लाटत होते. फोन वाजला, मी कट केला. लगेच पुन्हा वाजला, तेव्हा मला हसू आलं होतं, म्हातारीचा अंगठा बटणावरच राहिला असेल म्हणून. पोळी तव्यावर होती. हाताला कणीक होती, तरी करंगळीने मी तो कट केला.